विद्यादान आणि दात्याची दृष्टी : केनियाच्या शालेय इतिहासातील काही पाने

शिक्षणासाठी दिलेल्या दानाचा इतिहास बहुधा दात्यांच्या नावांवरून आणि रकमांवरून लिहिला जातो. कोनशिला, दालनांवरील नामफलक, वार्षिक अहवालांतील याद्या ही त्याची साधने. परंतु ज्या मुलासाठी ते धन खर्ची पडले त्याने काय शिकावे, हे कोणी ठरविले? त्याच्या आईवडिलांना कोणी विचारले होते काय? आणि ज्या वर्षी दात्याने हात आखडता घेतला, त्या वर्षी त्या मुलाचे काय झाले? या प्रश्नांची उत्तरे कोनशिलेवर कोरलेली नसतात. ती शोधावयाची तर एखादा प्रदेश निवडून तेथील काही दशकांचा मागोवा घ्यावा लागतो. प्रस्तुत लेखात त्यासाठी पूर्व आफ्रिकेतील केनिया हा देश निवडला आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्याचा या देशाशी जुना संबंध आहे. तेथील सर्वसामान्यांच्या स्वाहिली भाषेत दुकानाला 'दुका' आणि पुस्तकाला 'किताबू' म्हणतात, एवढे सांगितले तरी परकेपणा थोडा कमी व्हावा. (शाळेला मात्र 'शुले' म्हणतात. तो शब्द जर्मनांकडून आला.)

केनियावर १८९५ साली ब्रिटिश संरक्षण जाहीर झाले आणि १९२० मध्ये तो रीतसर वसाहत बनला. उंचावरील सुपीक जमीन गोऱ्या वसाहतकारांना मिळाली. शिक्षणाची व्यवस्था वर्णानुसार तीन भागांत विभागली गेली : युरोपियनांच्या शाळा, आशियाईंच्या शाळा आणि आफ्रिकनांच्या शाळा. पहिल्या दोहोंकडे सरकारचे लक्ष असे, तिसरीचा भार मुख्यतः मिशनऱ्यांवर सोडलेला होता. मिशनऱ्यांनी केलेले काम लहान नव्हे. प्रोटेस्टंट मिशनांनी एकत्र येऊन १९२६ मध्ये किकुयू येथे काढलेले अलायन्स हायस्कूल पुढे स्वतंत्र केनियाच्या नेत्यांचे जणू माहेरघर ठरले. परंतु मिशनच्या शाळेत प्रवेश म्हणजे मिशनच्या शिस्तीत प्रवेश, हे प्रत्येक पालकाला ठाऊक होते.

या पार्श्वभूमीवर १९२४ मध्ये अमेरिकेतून एक आयोग पूर्व आफ्रिकेत आला. न्यूयॉर्कच्या कॅरोलाइन फेल्प्स स्टोक्स या धनाढ्य महिलेच्या मृत्युपत्रातून १९११ मध्ये 'फेल्प्स-स्टोक्स फंड' हा न्यास उभा राहिला होता. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे आणि आफ्रिकेतील लोकांचे शिक्षण हे त्याच्या उद्दिष्टांपैकी होते. थॉमस जेसी जोन्स हे आयोगाचे अध्यक्ष होते आणि सदस्यांत गोल्ड कोस्टचे, म्हणजे आजच्या घानाचे, विद्वान जेम्स अॅग्री हे आफ्रिकन गृहस्थही होते. आयोगाने गावोगाव पाहणी केली व १९२५ मध्ये आपला अहवाल प्रसिद्ध केला. त्याचा सारांश असा की, आफ्रिकन मुलाला पुस्तकी शिक्षण फारसे उपयोगाचे नाही. त्याला शेती, आरोग्य, सुतारकाम, गृहव्यवस्था शिकवावी. अमेरिकेच्या दक्षिण भागात हॅम्प्टन आणि टस्कीगी येथील संस्थांत कृष्णवर्णीयांसाठी जो क्रम रूढ झाला होता, तोच येथे लावावा.

या शिफारशीतून लागलीच एक संस्था जन्मास आली. फिलाडेल्फियाच्या अॅना जीन्स या क्वेकर पंथीय वृद्धेने १९०७ मध्ये दहा लाख डॉलर अमेरिकेतील ग्रामीण कृष्णवर्णीय शाळांसाठी दिले होते. त्या निधीतून पगार मिळणारे फिरते शिक्षक 'जीन्स शिक्षक' म्हणून ओळखले जात. तेच नाव आणि तीच कल्पना घेऊन १९२५ मध्ये नैरोबीजवळ काबेटे येथे 'जीन्स स्कूल' उघडले. त्याला कार्नेगी कॉर्पोरेशनचे अर्थसाहाय्य होते, सरकारचा पाठिंबा होता आणि मिशनांचे सहकार्य होते. न्यास, शासन आणि धर्मसंस्था अशा तिघांच्या भागीदारीचे आफ्रिकेतील हे एक आरंभीचे उदाहरण होय. शिक्षक येथे पत्नीसह राहावयास येत. पती खेड्यातील शाळांची देखरेख, बागकाम, हस्तव्यवसाय शिके, तर पत्नी बालसंगोपन व स्वच्छता. परत गेल्यावर त्या दांपत्याने आपल्या भागातील अनेक छोट्या शाळा सुधाराव्यात, अशी योजना होती. पुढे न्यासालँड व दोन्ही ऱ्होडेशियांतही अशी विद्यालये निघाली.

वाचकांच्या मनात येथे वर्ध्याची आठवण जागी होणे स्वाभाविक आहे. १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत हस्तोद्योगावर आधारलेल्या नई तालीमची मांडणी झाली, तिच्यातही चरखा, शेती आणि श्रम यांनाच मध्यवर्ती स्थान होते. मग काबेटेला दोष का द्यावा? भेद अभ्यासक्रमात नाही, तो अभ्यासक्रम ठरविणाऱ्यात आहे. वर्ध्याची योजना पारतंत्र्यातील लोकांनी स्वतःच्या मुलांसाठी आखली होती आणि ती सर्व जातींच्या, सर्व वर्गांच्या मुलांना लागू व्हावी अशी अपेक्षा होती. केनियात गोऱ्या मुलासाठी लॅटिन आणि बीजगणित होते, कुदळ केवळ आफ्रिकन मुलासाठी होती. काबेटेतील शिक्षकांच्या सद्भावनेविषयी शंका घेण्याचे कारण नाही, तरी गावातील बापाला ही गोष्ट दिसल्यावाचून राहिली नाही. सरकारी कचेरीत, रेल्वेत, न्यायालयात ज्या विद्येने खुर्ची मिळते ती इंग्रजी विद्या आपल्या मुलापासून दूर ठेवली जात आहे, असा त्याने अर्थ लावला. तो अर्थ सर्वस्वी चुकीचा होता असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही.

त्या बापाने काय केले, हा या कथेतील सर्वांत उपेक्षित भाग आहे. १९२९ च्या सुमारास मुलींच्या सुंतेच्या प्रथेवरून मिशने आणि किकुयू समाज यांच्यात तीव्र संघर्ष झाला. ही प्रथा निःसंशय अनिष्टच होती. परंतु प्रथेचा त्याग न करणाऱ्या पालकांच्या मुलांना शाळेचे दरवाजे बंद झाले, तेव्हा हजारो कुटुंबे मिशनपासून दूर झाली आणि त्यांनी स्वतःच्या शाळा काढल्या. जागा गावाची, भिंती मातीच्या, छप्पर गवताचे, शिक्षकाचा पगार वर्गणीतून. या 'स्वतंत्र शाळां'ना परदेशी दाता नव्हता. त्यांना शिक्षक मिळावेत म्हणून १९३९ मध्ये गिथुंगुरी येथे अध्यापक महाविद्यालय सुरू झाले. अमेरिकेत उच्च शिक्षण घेऊन परतलेले पीटर म्बियू कोइनांगे हे त्याचे प्रवर्तक. पुढे जोमो केन्याटाही त्याच्याशी जोडले गेले. अशिक्षित शेतकऱ्यांनी, स्त्रियांनी आपल्या कोंबड्या-बकऱ्या विकून उभे केलेले हे महाविद्यालय दानाच्या इतिहासात क्वचितच नोंदले जाते. त्याला मोठे नाव असलेला दाता नव्हता, हेच त्याचे कारण असावे.

याच काळात एक मराठी माणूस या इतिहासात प्रवेश करतो. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत हे १९४८ मध्ये स्वतंत्र भारताचे पहिले आयुक्त म्हणून नैरोबीस रुजू झाले. औंधचे नाव निघाले की आपल्याला सूर्यनमस्कार आठवतात. परंतु १९३९ मध्ये राजाने स्वतः सत्ता प्रजेच्या हाती सोपविणारी राज्यघटना औंधमध्ये अमलात आली आणि त्या प्रयोगात तरुण आप्पासाहेबांचा प्रमुख वाटा होता, हेही विसरता कामा नये. खेड्याने आपले आपण ठरवावे, ही शिकवण घेऊन गेलेल्या या राजपुत्राला कोइनांगे आणि त्यांच्या शाळा जवळच्या वाटल्या, यात नवल नाही. भारत सरकारने आफ्रिकन विद्यार्थ्यांना भारतात शिकण्यासाठी शिष्यवृत्त्या दिल्या, त्यांच्या मागे आप्पासाहेबांचा आग्रह होता. आफ्रिकन नेत्यांशी असलेली त्यांची मैत्री वसाहतीच्या राज्यकर्त्यांना रुचली नाही आणि १९५४ मध्ये त्यांना नैरोबी सोडावे लागले.

त्यांच्या कार्यकाळातच तेथील भारतीय समाजाने एक मोठे काम हाती घेतले. पूर्व आफ्रिकेतील भारतीयांत गुजराती व्यापारी होते, पंजाबी कारागीर होते, गोमंतकीय कारकून होते आणि जामनगरकडील हालारातून गेलेली ओसवाल जैन कुटुंबेही होती. महात्माजींच्या हत्येनंतर त्यांचे स्मारक म्हणून या समाजाने निधी गोळा केला. त्यातून 'गांधी मेमोरियल अॅकॅडमी सोसायटी' स्थापन झाली. कल्पना महाविद्यालयाची होती. त्याच वेळी सरकारनेही नैरोबीत रॉयल टेक्निकल कॉलेज काढावयाचे ठरविले होते. दोन वेगळ्या संस्था उभ्या राहिल्या असत्या तर एक आशियाईंची व दुसरी इतरांची, अशी वाटणी होण्याचा धोका होता. सोसायटीने आपला निधी आणि आपले स्वतंत्र अस्तित्व या दोहोंचे सरकारी महाविद्यालयात विलीनीकरण केले व सर्व वर्णांचे विद्यार्थी एकाच छताखाली आले. १९५६ मध्ये महाविद्यालय सुरू झाले आणि त्याच वर्षी भारताचे तत्कालीन उपराष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते तेथे गांधीजींच्या पुतळ्याचे अनावरण झाले. पुढे याच संस्थेचे नैरोबी विद्यापीठ झाले. समाजाच्या पैशातून समाजापुरतीच संस्था काढण्याचा मोह टाळणे किती कठीण असते, हे ज्यांनी विश्वस्त मंडळांत काम केले आहे त्यांना वेगळे सांगावयास नको.

मात्र हे सर्व घडत होते तेव्हा देश पेटलेला होता. जमिनीच्या प्रश्नावरून उसळलेल्या माउ माउ उठावामुळे २० ऑक्टोबर १९५२ रोजी आणीबाणी जाहीर झाली. स्वतंत्र शाळांवर बंदी आली आणि गिथुंगुरीचे महाविद्यालय बंद करण्यात आले. गावकऱ्यांनी उभारलेली ही शिक्षणव्यवस्था एका आदेशासरशी मोडली गेली. हजारो लोक छावण्यांत डांबले गेले, एक हजाराहून अधिक जणांना फाशी झाली आणि दहा लाखांवर लोकांना घरे सोडून सरकारने वसविलेल्या कुंपणबंद गावांत राहावे लागले. या उलथापालथीत आईवडिलांना दुरावलेली मुले नैरोबीच्या रस्त्यांवर आली.

स्थानबद्धांत अल्पवयीन मुलेही होती. मान्यानीच्या छावणीत ती प्रौढांबरोबर राहत. एल्डोरेट येथे १९३३ मध्ये जन्मलेला जेफ्री ग्रिफिन हा गोरा तरुण आणीबाणीत सैन्यात अधिकारी होता. ज्या रीतीने ही लढाई लढली जात होती ती न पटल्याने त्याने सैन्य सोडले व या मुलांच्या पुनर्वसनाचे काम पत्करले. वामुमू येथे मुलांची स्वतंत्र छावणी उभी राहिली. तेथे कुंपणापेक्षा शिक्षण, खेळ आणि कसब यांवर भर होता. सरकारने वामुमूचा आपल्या प्रचारासाठी पुरेपूर उपयोग करून घेतला, ही गोष्ट इतिहासकारांनी दाखवून दिली आहे व ती मान्य केली पाहिजे. तरीही तेथे जोडलेली माणसे खरी होती. जेफ्री गेतुरो आणि जोसेफ गिकुबू हे ग्रिफिनचे दोन आफ्रिकन सहकारी वामुमूशीच संबंधित होते. त्यांपैकी गिकुबू हा तर उठावातील सहभागाबद्दल स्वतः स्थानबद्धता भोगलेला.

या तिघांनी १४ नोव्हेंबर १९५९ रोजी नैरोबीच्या गरीब वस्तीलगत एक केंद्र सुरू केले. साम्राज्याच्या सैन्यातून आलेला एक आणि त्या साम्राज्याविरुद्धच्या उठावात सापडलेला एक, असे दोघे एका शाळेचे संस्थापक असावेत, हे दृश्य इतिहासात वारंवार दिसत नाही. भांडवल म्हणजे शेल आणि बीपी या तेल कंपन्यांनी दिलेल्या दोन पत्र्याच्या झोपड्या. केंद्राचे नाव 'स्तारेहे', म्हणजे स्वाहिलीत सुख, विसावा. आरंभी उद्देश एवढाच की रस्त्यावरील मुलाला रात्री अंग टाकावयास जागा आणि पोटाला अन्न मिळावे. परंतु मुलांना शिकावयाचे होते, म्हणून वर्ग सुरू झाले. प्राथमिक वर्गातून मुले वर गेली, म्हणून माध्यमिक वर्ग आले. पुढे तंत्रशिक्षणाचे विभागही जोडले गेले. ब्रिटनमधील 'सेव्ह द चिल्ड्रन फंड' ही संस्था दीर्घकाळ या केंद्राची मोठी आधारस्तंभ होती. तिच्या द्वारे दूर देशींच्या अनेक व्यक्तींनी एकेका मुलाच्या शिक्षणाचा भार उचलला.

येथे काबेटेशी तुलना करून पाहावी. स्तारेहेलाही परदेशी दाते होते, तेल कंपन्या होत्या, सरकारचा आशीर्वाद होता. परंतु गरीब मुलाला गरिबाचेच शिक्षण द्यावे, हे तत्त्व ग्रिफिन यांनी स्वीकारले नाही. 'नातुलेंगे जुऊ', म्हणजे 'आपला नेम उंच ठेवू या', हे त्यांच्या शाळेचे ब्रीदवाक्य. ज्या मुलाला काल रस्त्यावरून आणले त्याने श्रीमंतांच्या मुलांबरोबर त्याच परीक्षेला बसावे आणि त्यांच्या पुढे जावे, अशी त्यांची जिद्द होती. पुढील दशकांत स्तारेहेने राष्ट्रीय परीक्षांत देशातील अग्रगण्य शाळांत स्थान मिळविले, तेव्हा सुस्थितीतील पालकही प्रवेशासाठी येऊ लागले. केंद्राने त्यांना नाकारले नाही. काही जागा शुल्क भरू शकणाऱ्यांसाठी ठेवल्या आणि ऐपतीप्रमाणे शुल्क आकारले, मात्र बहुसंख्य जागा गरिबांसाठी विनाशुल्क राहिल्या. वर्गात कोण शुल्क भरतो आणि कोण भरत नाही, हे गणवेशावरून किंवा जेवणाच्या ताटावरून ओळखू येत नसे.

आणखी दोन प्रथांचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. पहिली आठवड्याच्या 'बराझा'ची, म्हणजे सभेची. सर्व विद्यार्थी एकत्र जमत आणि जेवणापासून शिक्षकांपर्यंत कोणत्याही विषयावर उभे राहून तक्रार करीत. संचालकांनी तेथेच उत्तर द्यावयाचे. आश्रितांनी आश्रयदात्याला जाब विचारावा, अशी सोय किती धर्मादाय संस्थांत असते? दुसरी प्रथा सेवेची. सुटीत विद्यार्थी दवाखान्यांत, कचेऱ्यांत विनावेतन काम करीत. घेणाऱ्याने केवळ घेणारा राहू नये, ही दृष्टी त्यामागे होती. ग्रिफिन यांची कर्तबगारी पाहून स्वतंत्र केनियाच्या सरकारने १९६४ मध्ये राष्ट्रीय युवक सेवेचे संचालकपद त्यांना दिले. ते त्यांनी १९८८ पर्यंत स्तारेहेच्या जोडीने सांभाळले. वसाहतीच्या गोऱ्या अधिकाऱ्यावर नव्या राष्ट्राने इतका दीर्घ विश्वास टाकला, यात उभय पक्षांचा मोठेपणा आहे.

स्तारेहे सुरू झाले त्याच १९५९ मध्ये टॉम म्बोया या कामगार नेत्याच्या खटपटीने ८१ विद्यार्थ्यांचे विमान अमेरिकेकडे निघाले. क्रिकेटपटूंना आपल्याकडे जो मान आहे तो बेसबॉलमध्ये असलेले जॅकी रॉबिन्सन, गायक हॅरी बेलाफॉन्टे, अभिनेते सिडनी पॉइटिए यांनी निधीसाठी आवाहन केले. पुढील वर्षी केनेडी कुटुंबाच्या न्यासाने एक लाख डॉलर दिले. १९६० मध्ये गेलेल्यांत वांगारी माथाई होत्या, ज्यांना २००४ मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. विमानाचा खर्च अमेरिकन दात्यांनी उचलला, तरी मुलांच्या हातखर्चासाठी गावांत चहापानाचे कार्यक्रम होऊन शिलिंग-शिलिंग जमविले गेले, हे येथे नमूद करावेसे वाटते. गिथुंगुरीची परंपरा पुरती संपली नव्हती.

१९६३ मध्ये स्वातंत्र्य मिळाले. केन्याटांनी 'हरांबे', म्हणजे सर्वांनी मिळून जोर लावावा, अशी हाक दिली आणि गावोगावी लोकवर्गणीतून माध्यमिक शाळा उभ्या राहिल्या. सत्तरच्या दशकात त्यांची संख्या सरकारी माध्यमिक शाळांहून अधिक झाली. उत्साह अफाट होता. प्रशिक्षित शिक्षक मात्र नव्हते, प्रयोगशाळा नव्हत्या, आणि ज्या भागात वर्गणी देण्याची ऐपत होती त्याच भागात शाळा चांगल्या निघाल्या. पशुपालकांचा कोरडा उत्तर भाग मागेच राहिला. १९७४ मध्ये प्राथमिकच्या पहिल्या चार इयत्तांचे शुल्क माफ झाले, परंतु शाळांनी इमारत निधीच्या नावाखाली पालकांकडून तेवढीच किंवा त्याहून अधिक रक्कम घेतली. पुढे २००३ मध्ये प्राथमिक शिक्षण खऱ्या अर्थाने मोफत झाले, तेव्हा पटसंख्या एका वर्षात सुमारे ५९ लाखांवरून ७२ लाखांवर गेली. एल्डोरेटजवळच्या एका शाळेत तर किमानी मारुगे हे माउ माउ उठावात भाग घेतलेले ८४ वर्षांचे आजोबा अर्धी चड्डी घालून पहिलीत येऊन बसले. या योजनेला ब्रिटनसह अनेक देशांचे साहाय्य होते. २००९ च्या अखेरीस निधीतील गैरव्यवहाराचे आरोप झाले आणि ब्रिटनने ते साहाय्य थांबविले. हिशेब मागण्याचा दात्याला अधिकार आहेच. पण पाटीपेन्सिलीविना बसलेल्या मुलाने तो घोटाळा केलेला नव्हता.

आतापर्यंतच्या कथेत मुलगी फारशी आली नाही, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आले असेल. काबेटेत ती शिक्षकाची पत्नी म्हणून आली, स्तारेहेत आलीच नाही. १९९२ मध्ये आफ्रिकेतील पाच महिला शिक्षणमंत्र्यांनी एकत्र येऊन मुलींच्या शिक्षणासाठी एक मंच स्थापिला व त्याचे केंद्र नैरोबीत ठेवले. त्याच सुमारास झिंबाब्वेच्या दुर्गम मोला भागात अॅन कॉटन या ब्रिटिश अभ्यासक महिला गेल्या होत्या. लोक रूढीमुळे मुलींना शाळेत पाठवीत नाहीत, असे त्यांना सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात पालकांशी बोलल्यावर कळले की अडचण रूढीची नसून पैशाची आहे, आणि पैसा एकाच मुलापुरता असला की तो मुलावर खर्च होतो. केंब्रिजच्या बाजारात केक विकून त्यांनी रक्कम उभी केली आणि १९९३ मध्ये ३२ मुलींचे शुल्क भरले. त्यातून 'कॅमफेड' ही संस्था वाढली. कोणत्या मुलीला मदत द्यावयाची हे पालक, शिक्षक आणि गावप्रमुख यांच्या समित्यांबरोबर बसून ठरविण्याचा तिचा शिरस्ता. शिकून बाहेर पडलेल्या मुलींनी १९९८ मध्ये आपली संघटना बांधली व धाकट्या मुलींचा भार उचलण्यास आरंभ केला. आरंभीच्या लाभार्थींपैकी अँजेलिन मुरिमिर्वा या पुढे त्या संस्थेच्याच प्रमुख झाल्या.

स्तारेहेच्या मुलींसाठीचे स्वतंत्र केंद्र नैरोबीत २००५ च्या आरंभी सुरू झाले. गरीब घरांतील हुशार मुली देशाच्या निरनिराळ्या भागांतून तेथे आल्या. त्याच वर्षी २८ जून रोजी जेफ्री ग्रिफिन यांचे निधन झाले. पत्र्याच्या दोन झोपड्यांपासून शेवटच्या दिवसापर्यंत ते संचालक होते. मुलांचे केंद्र तेव्हा ४५ वर्षांचे झाले होते आणि मुलींचा पहिला वर्ग आपले पहिले वर्षही अद्याप पुरे करावयाचा होता.